प्रोसेसर बदलला, मशीन जुनंच: त्यावर सॉफ्टवेअर चालतं कसं ठेवायचं

इंटेलच्या मॅकवर नवं अ‍ॅप उघडायला जावं तर आयकॉनवर तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ दिसतं. ३२ बिट लॅपटॉपवर लिनक्सची ताजी आवृत्ती टाकायला जावं तर इन्स्टॉलरच सुरू होत नाही. अशा वेळी बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: मशीन संपलं. हा निष्कर्ष फार घाईचा आहे. सॉफ्टवेअर अडतं त्यामागे पाच वेगवेगळी कारणं असू शकतात: प्रोसेसरची जात, त्या जातीतल्या नव्या सूचना (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा), ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, एखादी गहाळ लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतो तो तयार कोड) किंवा कालबाह्य झालेलं डिजिटल प्रमाणपत्र. प्रत्येकाचा उपाय निराळा. त्यामुळे अडलंय कुठे हे आधी नीट बघायचं आणि मगच हात घालायचा.

अशा बदलांचा क्रम साधारण ठरलेला असतो. अ‍ॅपलने हे तीनदा केलं: १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० मालिकेकडून पॉवरपीसीकडे, २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे आणि २०२० मध्ये इंटेलकडून स्वतःच्या एम१ चिपकडे. आधी नव्या चिपवर जुनी अ‍ॅप्स चालवणारा अनुवादक येतो. मग काही वर्षं अ‍ॅप्स दोन्ही जातींसाठी निघतात. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या चिपला सोडते आणि शेवटी अनुवादकही जातो. इंटेलच्या वेळी २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅकओएस आवृत्तीने पॉवरपीसी मशीनना सोडलं आणि २०११ च्या लायन आवृत्तीने रोझेटा हा अनुवादक काढून टाकला. या खेपेला २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो २६ ही इंटेलसाठीची शेवटची आवृत्ती आहे, आणि तीही फक्त चार इंटेल मॉडेलांवर चालते: २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार थंडरबोल्ट पोर्टवाला १३ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा २७ इंची आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो. पीसीच्या जगात हेच स्थित्यंतर ३२ बिटकडून ६४ बिटकडे झालं. एएमडीने २००३ मध्ये सुरुवात केली आणि २०२१ ची विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच निघाली.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवा, कारण त्यात लोकांचा खूप वेळ जातो. रोझेटा एकाच दिशेने काम करतो. रोझेटा २ इंटेलसाठी बनलेलं अ‍ॅप अ‍ॅपल सिलिकॉनवर, म्हणजे एम१ आणि तिच्या पुढच्या चिपवर, चालवतो. अ‍ॅपल सिलिकॉनसाठीच बनलेलं अ‍ॅप इंटेलवर चालवणारं असं काही अ‍ॅपलने दिलेलं नाही. अनुवादाचा बोजा पेलायला जोरकस चिप लागते आणि तो जोर नव्या चिपकडे असतो. त्यामुळे इंटेल मॅकवर ‘रोझेटा इन्स्टॉल करा’ असा सल्ला कुणी दिला तर तो सोडून द्या.

आधी मशीन ओळखा

मॅकवर अ‍ॅपल मेनूतल्या ‘अबाउट धिस मॅक’मध्ये प्रोसेसरचं नाव, मॉडेलचं वर्ष आणि मॅकओएसची आवृत्ती मिळते. तिन्ही लिहून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी यांच्यावरच ठरते.

पीसीवर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाउट’ उघडा. तिथे ‘सिस्टीम टाइप’ अशी ओळ असते. तिच्यात ऑपरेटिंग सिस्टीम ३२ बिट पण प्रोसेसर ‘एक्स६४ बेस्ड’ असं लिहिलेलं असेल, तर तुमची अडचण प्रोसेसरची नाहीच. २००५ नंतरच्या काही वर्षांत ६४ बिट प्रोसेसरच्या कितीतरी मशीनवर ३२ बिट विंडोज टाकून दिली जायची. अशा मशीनवर ६४ बिट सिस्टीम नव्याने टाकली की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही कमांड दिली की ‘ऑप-मोड’च्या ओळीत ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही दिसतात की एकच, ते कळतं.

खरोखर ३२ बिटच असलेले प्रोसेसर थोडे आहेत, पण आहेत. छोट्या नेटबुकांमधला अ‍ॅटम एन२७०, पेंटियम एम आणि २००६ च्या पहिल्या इंटेल मॅकमधला कोअर ड्युओ हे त्यातले. कोअर २ ड्युओ मात्र ६४ बिट आहे. नावात फक्त एका आकड्याचा फरक, म्हणून नीट वाचा.

इथेच एक छुपी अडचण असते. २००६-०७ च्या बऱ्याच मॅकमध्ये आणि २०१३ च्या सुमारास आलेल्या बे ट्रेल अ‍ॅटमच्या अनेक टॅबलेटांमध्ये प्रोसेसर ६४ बिट असतो, पण सुरुवातीला मशीन उठवणारं फर्मवेअर ३२ बिट. नेहमीचा ६४ बिट यूएसबी ड्राइव्ह अशा मशीनला दिसतच नाही आणि माणूस समजतो की ड्राइव्ह बिघडला. ३२ बिट ईएफआयवरून, म्हणजे त्या फर्मवेअरवरून, ६४ बिट सिस्टीम उठवू शकणारा इन्स्टॉलर निवडला की काम होतं. डेबियनमध्ये ती सोय आहे.

मग प्रोग्रॅम तपासा

मॅकच्या एकाच अ‍ॅपमध्ये दोन जातींसाठीचा कोड शेजारी शेजारी ठेवता येतो. मॅकओएस सुरुवातीला आपल्या जातीचा भाग शोधते आणि तेवढाच चालवते. अशा दोन्ही जातींच्या अ‍ॅपला युनिव्हर्सल म्हणतात. बिग सरपासून (मॅकओएस ११) पुढच्या आवृत्त्यांवर अ‍ॅप निवडून ‘गेट इन्फो’ केलं की ‘काइंड’च्या ओळीत युनिव्हर्सल, इंटेल की अ‍ॅपल सिलिकॉन ते दिसतं.

त्याआधीच्या मॅकओएसवर थोडं आत जावं लागतं. अ‍ॅपवर राइट-क्लिक करून ‘शो पॅकेज कन्टेन्ट्स’ घ्या, ‘कन्टेन्ट्स’ फोल्डरमध्ये जा आणि त्यातला ‘मॅकओएस’ फोल्डर उघडा. तिथे साधारण अ‍ॅपच्याच नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल असते. टर्मिनल उघडून ‘फाइल’ ही कमांड टाइप करा, एक जागा सोडा आणि ती फाइल माउसने ओढून टर्मिनलच्या खिडकीत टाका. पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. एन्टर दाबल्यावर उत्तरात ‘एक्स८६_६४’ दिसलं तर इंटेलचा कोड आत आहे. फक्त ‘आर्म६४’ (म्हणजे अ‍ॅपल सिलिकॉन) असेल तर त्या आवृत्तीचा पाठपुरावा तिथेच थांबवा आणि जुनी आवृत्ती शोधायला लागा. ‘आय३८६’ एवढंच दिसलं तर अ‍ॅप ३२ बिट आहे, म्हणजे ते मोहावेपर्यंतच (मॅकओएस १०.१४) चालेल. त्यानंतरच्या, २०१९ च्या कॅटालिनाने (१०.१५) ३२ बिट अ‍ॅप्स पूर्ण बंद केली. लिनक्सवरही हीच ‘फाइल’ कमांड चालते आणि प्रोग्रॅम ३२ बिट आहे की ६४ बिट हे लगेच सांगते.

आत इंटेलचा कोड असूनही अ‍ॅप उघडत नाही, असंही होतं. तेव्हा त्याच ‘कन्टेन्ट्स’ फोल्डरमधली ‘इन्फो डॉट पीलिस्ट’ ही फाइल बघा. तिच्यात ‘मिनिमम सिस्टीम व्हर्जन’ या नावाची नोंद असते. ती तुमच्या मॅकओएसपेक्षा वरची असेल, तर अडसर प्रोसेसरचा नसून ऑपरेटिंग सिस्टीमचा आहे. तो आकडा हाताने खाली आणून बघण्याचा मोह होतो. क्वचित त्याने अ‍ॅप चालतंही. पण बहुतेकदा ते उघडता उघडताच कोसळतं आणि क्रॅश रिपोर्टमध्ये ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ असं दिसतं. म्हणजे अ‍ॅप सिस्टीमकडे जे काम मागतं आहे, ते तुमच्या आवृत्तीत अस्तित्वातच नाही. एवढं कळलं की आकड्यांशी झटापट थांबवायची. फाइल बदलल्याने अ‍ॅपची डिजिटल सही मोडते ते वेगळंच.

तिसरा प्रकार फार फसवा असतो. जात बरोबर, आवृत्ती बरोबर, तरी प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतो. प्रोसेसरच्या एकाच घराण्यात वर्षागणिक नव्या सूचना आल्या, जसं एसएसई२, एसएसई४.२, एव्हीएक्स, एव्हीएक्स२. प्रोग्रॅम त्या गृहीत धरून बनवला असेल तर जुन्या चिपला ती सूचना कळतच नाही. क्रोम ८९ पासून एसएसई३ लागतं, मोंगोडीबी ५.० पासून एव्हीएक्स लागतं, टेन्सरफ्लोच्या तयार पॅकेजांना २०१८ च्या १.६ पासून एव्हीएक्स लागतं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला एसएसई४.२ लागतं. इंटेलने पेंटियम आणि सेलेरॉन या नावांनी विकलेल्या बऱ्याच चिपमध्ये २०११ नंतरही कितीतरी वर्षं एव्हीएक्स नव्हतं, त्यामुळे मशीन तितकंसं जुनं नसतानाही हा फटका बसतो. तुमच्या चिपमध्ये काय आहे ते लिनक्सवर ‘एलएससीपीयू’च्या ‘फ्लॅग्ज’ ओळीत दिसतं.

शेवटची चालणारी आवृत्ती शोधा आणि जपून ठेवा

या सगळ्या कामात सर्वांत मोलाची पायरी हीच. नवी आवृत्ती चालत नाही यात फारसं नुकसान नसतं. जुनी चालणारी आवृत्ती निर्मात्याने सर्व्हरवरून काढून टाकली तर मात्र खरं नुकसान होतं. म्हणून मशीन व्यवस्थित चालू असतानाच ही जमवाजमव करायला हवी.

ओपन सोर्स प्रकल्पांच्या ‘रिलीझेस’ पानावर जुन्या आवृत्त्या बहुधा राहतात. तिथे मागे मागे जात ‘या आवृत्तीपासून अमुक सिस्टीमचा आधार बंद’ अशी नोंद शोधा. तिच्या आधीची आवृत्ती तुमची. मॅकच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये पूर्वी घेतलेलं अ‍ॅप ‘पर्चेस्ड’ यादीतून उतरवायला गेलं, तर तुमच्या मॅकओएसवर चालणारी शेवटची आवृत्ती घ्यायची का असं पुष्कळदा विचारलं जातं. त्यासाठी ते अ‍ॅप आधी तुमच्या खात्यावर घेतलेलं असावं लागतं. हाताशी नवं मॅक असेल तर तिथून ‘गेट’ दाबून ते खात्यावर घेतलं तरी चालतं.

आवृत्ती हाती आली की पहिलं काम म्हणजे तिचं ऑटो-अपडेट बंद करणं. अ‍ॅपने रात्रीतून स्वतःला पुढच्या आवृत्तीवर नेलं आणि सकाळी ते उघडेनासं झालं, हा प्रकार सर्रास घडतो. मग इन्स्टॉलर बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा आणि त्याच्यासोबत एका साध्या मजकूर फाइलमध्ये आवृत्ती, ज्या सिस्टीमवर चालली ती, लायसन्स की आणि फाइलचं एसएचए-२५६ चेकसम (फाइलवरून काढलेला ठशासारखा आकडा) लिहा. दोन वर्षांनी कॉपी सडली आहे की शाबूत आहे हे त्या चेकसमवरूनच कळेल.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं अ‍ॅक्टिव्हेशन हा नाजूक भाग आहे. जुन्या आवृत्तीचा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद झाला की इन्स्टॉलर आणि की हातात असूनही काही करता येत नाही. ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन फाइल मिळत असेल तर आजच मागवा. मिळत नसेल तर अ‍ॅक्टिव्हेट केलेल्या संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवा.

ऑपरेटिंग सिस्टीमचा इन्स्टॉलरही याच साठ्यात हवा. कॅटालिना आणि पुढच्या मॅकवर टर्मिनलमधून ‘सॉफ्टवेअरअपडेट’ या कमांडने हव्या त्या आवृत्तीचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवता येतो. इन्स्टॉलरच्याच आतली ‘क्रिएटइन्स्टॉलमीडिया’ ही कमांड त्यातून बूट होणारा यूएसबी ड्राइव्ह बनवते. ऑक्टोबर २०१९ पूर्वी उतरवलेले इन्स्टॉलर तुमच्याकडे असतील तर ते आज ‘खराब झाले आहेत’ असं सांगतील. फाइल धडधाकट असते. तिच्यावरच्या सहीचं प्रमाणपत्र त्या महिन्यात संपलं, एवढंच. नवी प्रत उतरवणं उत्तम. ती मिळत नसेल तर इन्स्टॉल करताना इंटरनेट तोडून घड्याळ त्या तारखेच्या मागे न्यायचं आणि काम झालं की परत पुढे आणायचं.

ऑपरेटिंग सिस्टीम किती ताणायची

मॅक असेल तर अधिकृतपणे मिळणाऱ्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत जा, पण ३२ बिट अ‍ॅप्सवर तुमचं काम अडत असेल तर सरसकट नको. डिस्कवर वेगळा एपीएफएस व्हॉल्यूम (अ‍ॅपलच्या फाइल सिस्टीमचा स्वतंत्र कप्पा) करून एकावर मोहावे आणि दुसऱ्यावर नवी आवृत्ती ठेवता येते. दोन्ही मिळून मोकळी जागा वाटून घेतात, पार्टिशनची कापाकापी करावी लागत नाही. मशीन मुळात कॅटालिना किंवा नंतरच्या आवृत्तीसह आलं असेल तर त्यावर मोहावे थेट उठणार नाही. ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, चालवावी लागेल.

अधिकृत मर्यादेच्या पुढे ओपनकोअर लेगसी पॅचर नेतो. अ‍ॅपलने नाकारलेल्या इंटेल मॅकवर तो नवी मॅकओएस बसवतो आणि ज्या ग्राफिक्स किंवा वाय-फाय चिपचे ड्रायव्हर अ‍ॅपलने काढून टाकले ते परत जोडतो. काम उत्तम दर्जाचं आहे. पण त्यासाठी सिस्टीमचं काही संरक्षण सैल करावं लागतं, आणि प्रत्येक अपडेटनंतर पॅच पुन्हा लावायची तयारी ठेवावी लागते. मेटल या अ‍ॅपलच्या ग्राफिक्स प्रणालीला आधार देणारं ग्राफिक्स असेल, म्हणजे साधारण २०१२ पासूनची मशीन, तर अनुभव चांगला येतो. त्याआधीच्या मशीनवर मी हे सुचवणार नाही. तिथे लिनक्स बरं.

लिनक्सकडे वळताना दोन गोष्टी पाहून घ्या. ३२ बिट मशीनसाठी निवड आता अरुंद झाली आहे. फेडोराने ३२ बिट कर्नल (सिस्टीमचा गाभा) २०१९ मध्येच सोडला, डेबियनचा ३२ बिट इन्स्टॉलर १२ व्या आवृत्तीपर्यंतच आहे आणि ३२ बिट लिनक्सवर फायरफॉक्सची १४४ ही शेवटची नियमित आवृत्ती. ६४ बिट मशीनवर हा प्रश्न येत नाही. तिथे डेबियनसारखं जुन्या चिपना धरून चालणारं वितरण घ्या. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ला मात्र एव्हीएक्स२ लागतं, म्हणजे इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेलआधीच्या चिप बाद. दुसरी गोष्ट मॅकवाल्यांसाठी. २०१८ ते २०२० च्या बहुतेक इंटेल मॅकमध्ये टी२ नावाची सुरक्षा चिप असते. तिच्यामुळे साध्या लिनक्समध्ये लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड आणि ट्रॅकपॅडसुद्धा चालत नाही. त्यासाठी टी२ लिनक्स प्रकल्पाचा कर्नल घ्यावा लागतो, आणि आधी कमांड-आर दाबून रिकव्हरीतल्या ‘स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी’मध्ये बाहेरच्या ड्राइव्हवरून बूट करायची परवानगी द्यावी लागते. त्याहून जुन्या मॅकमध्ये ब्रॉडकॉमचं वाय-फाय अडवतं. त्याचा ड्रायव्हर उतरवायलाच इंटरनेट लागतं, म्हणून यूएसबी इथरनेट अडॅप्टर किंवा फोनचं यूएसबी टेदरिंग आधीच तयार ठेवा.

सोर्सवरून स्वतः बनवणं

इल्लीगल इन्स्ट्रक्शनचा खरा उपाय हाच. सोर्स कोड उपलब्ध असेल तर तुमच्याच मशीनवर त्यातून कंपाइल केलेला, म्हणजे बनवलेला, प्रोग्रॅम तुमच्या चिपला कळणाऱ्या सूचनाच वापरतो, फक्त बिल्डच्या सेटिंगमध्ये एव्हीएक्स सक्तीने चालू केलेलं नसावं. जुन्या मॅकवर मॅकपोर्ट्स हा मोठा आधार आहे. फार मागच्या मॅकओएसवरही तो पॅकेजं बांधून देतो आणि सिस्टीममध्ये नसलेल्या काही गोष्टी स्वतःच्या लायब्ररीतून पुरवतो. वेळ लागतो, मोठं पॅकेज असेल तर रात्रभर मशीन चालू ठेवावं लागतं.

कंपायलरलाही किमान आवृत्ती असते हे विसरू नका. मॅकओएस १०.१३ आणि १०.१४ वर गो भाषेची १.२० ही शेवटची आवृत्ती चालते, १.२१ ला कॅटालिना लागते. म्हणून आधी कंपायलरची आवृत्ती ठरवायची आणि मग तिच्यात बांधता येईल अशी प्रोग्रॅमची आवृत्ती निवडायची.

प्रोग्रॅम सिस्टीमपेक्षा जुना असेल तेव्हा

६४ बिट विंडोज ३२ बिट प्रोग्रॅम सहज चालवते, पण १६ बिट प्रोग्रॅम अजिबात नाही. जुनं हिशेबाचं किंवा यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर १६ बिट असेल तर ६४ बिटवर जाण्याआधी ते डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) किंवा ३२ बिट विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पाहा. डेबियनवर ३२ बिट प्रोग्रॅमसाठी ‘आय३८६’ हे जादा आर्किटेक्चर जोडून त्याच्या लायब्ररी घेता येतात, वेगळी सिस्टीम लागत नाही.

व्हर्च्युअल मशीन तुमच्याच प्रोसेसरवर चालतं, म्हणून वेगवान असतं. क्यूईएमयू या सॉफ्टवेअरने दुसऱ्या जातीचा प्रोसेसर नकली उभा करणं ही निराळी गोष्ट आहे. तिथे प्रत्येक सूचना भाषांतरित होते. क्यूईएमयूवर जुनी पॉवरपीसी मॅकओएस चालवणं जमण्यासारखं आहे. पण जुन्या इंटेल मॅकवर आर्म सिस्टीम नकली उभी करून तिच्यात रोजचं काम करायचं म्हटलं तर वेग इतका पडतो की मी तो रस्ता सुचवणार नाही.

साइट उघडत नाहीत, तेव्हा

जुन्या मॅकवर अर्ध्या साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागल्या तर दोष प्रोसेसरचा नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी साइटना मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं. त्याच्या जागी आलेलं आयएसआरजी रूट एक्स१ हे प्रमाणपत्र मॅकओएस १०.१२.१ च्या आधीच्या सिस्टीमना माहीतच नाही. दुसऱ्या मशीनवर लेट्स एन्क्रिप्टच्या साइटवरून ते उतरवा, फिंगरप्रिंट ताडून पाहा, यूएसबीवरून आणा आणि कीचेन अ‍ॅक्सेसमध्ये ‘सिस्टीम’ विभागात टाकून त्यावर ‘ऑलवेज ट्रस्ट’ ठेवा. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं सोबत बाळगतो, त्यामुळे सफारी अडते तिथेही तो पुष्कळदा चालतो. सगळ्याच साइट एकदम बंद पडल्या असतील तर आधी घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की डेस्कटॉपची तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि एकही प्रमाणपत्र वैध ठरत नाही.

सुरक्षा अपडेट बंद झालेल्या सिस्टीमवर बँकेचे व्यवहार आणि ईमेल करू नका. ज्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी ती सिस्टीम ठेवली आहे, ते बहुधा इंटरनेटशिवाय चालतं. त्या व्हॉल्यूमवर वाय-फाय बंद ठेवा, फाइली यूएसबीने न्या-आणा, आणि इंटरनेटसाठी त्याच मशीनच्या दुसऱ्या व्हॉल्यूमवर अजून अपडेट मिळणारं लिनक्स टाका.